क्लोज() फेल झालं तर तुम्ही नेमकं काय करता?

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आठवडाभर एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे एक जुना सी प्रोग्रॅम आहे. रोज रात्री दीडच्या सुमारास दिवसभराच्या व्यवहारांची फाइल बनवतो आणि एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनची डिस्क वापरायची सोय) सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. पद्धत नेहमीचीच. तात्पुरत्या नावाने फाइल उघडायची, राइट() करत जायचं, क्लोज() करायचं आणि शेवटी रीनेम() करून कालच्या फाइलच्या जागी आजची बसवायची. राइट()ची रिटर्न व्हॅल्यू, म्हणजे काम झालं की फसलं हे सांगणारा परत येणारा आकडा, सगळीकडे तपासलेली होती. क्लोज()ची एकाही ठिकाणी नव्हती.

मागच्या मंगळवारी त्या फोल्डरचा कोटा (जागेची ठरवून दिलेली मर्यादा) भरला. सकाळी पुढच्या सिस्टिमच्या हातात अर्धी फाइल पडली, आणि कालची धडधाकट फाइल रीनेम()मध्ये गेली ती गेलीच. बॅकअपवरून सगळं उभं करायला दुपारचे तीन वाजले.

नंतर टेस्ट मशीनवर मुद्दाम कोटा कमी करून एसट्रेस (प्रोग्रॅमचा प्रत्येक सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून बघितलं. एकूण एक राइट() यशस्वी! कारण एनएफएसवर राइट() बहुतेक वेळा आपल्याच मशीनच्या मेमरीत लिहून मोकळा होतो, सर्व्हरकडे माल नंतर जातो. सर्व्हर 'जागा नाही' म्हणाला ते क्लोज()च्या वेळी. -१ परत आला, एररनोमध्ये (एररचं कारण ठेवणारा व्हेरिएबल) कोटा संपल्याचा कोडही होता. आमचा प्रोग्रॅम तिकडे न बघता पुढच्या ओळीवर गेला.

मी तपासणी घातली आणि कोड रिव्ह्यूला टाकला. टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "सर, चेक केलं ते ठीक, पण -१ आला तर पुढे काय? परत क्लोज करायचं का?" मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतोय. तपासता का, हा प्रश्न आहेच. पण तपासल्यावर काय करता?

अर्धविराम

सगळ्यात आधी हे: परत क्लोज() करू नका!

लिनक्सवर क्लोज()ने एरर दिला तरी तो फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला मिळालेला नंबर) मोकळा झालेला असतो. प्रोग्रॅममध्ये एकाहून जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतील, तर तेवढ्या वेळात तोच नंबर दुसऱ्या थ्रेडने उघडलेल्या फाइलला किंवा सॉकेटला मिळालेला असू शकतो. तुमचं दुसरं क्लोज() त्याच्या पायाखालची सतरंजी ओढणार. असा बग शोधायला महिने जातात. सिग्नल येऊन क्लोज() मध्येच थांबलं, तर एचपी-यूएक्सवर (एचपीचं युनिक्स) मात्र डिस्क्रिप्टर उघडाच राहतो आणि पुन्हा बंद करावा लागतो. म्हणून जुन्या पुस्तकांत 'पुन्हा करा' असं सापडतं. लिनक्सवर ते लागू नाही.

तुमच्या प्रकरणात: क्लोज()च्या आधी एफसिंक() (मेमरीतला माल खरोखर डिस्कवर पोचवायला लावणारा कॉल) करा आणि खरी तपासणी तिथे ठेवा. एफसिंक() किंवा क्लोज() दोन्हींपैकी काहीही फेल गेलं, तर रीनेम() करायचं नाही. तात्पुरती फाइल उडवा, लॉगमध्ये एररनोसकट लिहा आणि शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम बाहेर कळवतो तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) देऊन बाहेर पडा. कालची फाइल जागेवर राहील, आणि सकाळी लोकांना निदान 'आजची फाइल आली नाही' एवढं तरी समजेल.

पाटाचं_पाणी

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो.

प्रत्येक कॉलनंतर चार ओळींची तपासणी घातली की मूळ कोड दिसेनासा होतो. मी असे प्रोग्रॅम सांभाळलेत, जिथे एका कामाच्या ओळीमागे पाच ओळी एररच्या होत्या, आणि त्या पाच ओळी कधीच चालवून बघितलेल्या नव्हत्या. न चाललेला कोड म्हणजे बगचं घर. त्यात मेमरी दोनदा फ्री केलेली, लॉक सोडायचं राहिलेलं, काय वाट्टेल ते. क्लोज() तपासा म्हणता, उद्या प्रिंटएफ() पण तपासा म्हणाल. इथे कोणी तपासतं का? प्रामाणिकपणे सांगा.

नवखी_कोडकरी

आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलंच नाही हो. टर्बो सी, निळा स्क्रीन, व्हॉइड मेन, शेवटी गेटच(). एफओपन() नल आहे का, एवढं फक्त व्हायव्हाला विचारतात म्हणून पाठ केलेलं. एफक्लोज()ला रिटर्न व्हॅल्यू असते हे मी नोकरीला लागल्यावर वाचलं. आणि मेनच व्हॉइड लिहायला शिकवलं, मग आपल्या प्रोग्रॅमने बाहेर काही कळवायचं असतं ही कल्पना येणार कुठून?

खिडकीजवळ

@पाटाचं_पाणी, प्रिंटएफ()चं विचारलंत म्हणून. लिनक्सवर एक गंमत करून बघा. पहिल्या दिवशी लिहितो तो 'हॅलो वर्ल्ड' घ्या आणि त्याचं आउटपुट /डेव्ह/फुल कडे वळवा. ही एक खोटी डिव्हाइस फाइल आहे. तिच्यात काहीही लिहायला गेलं की 'जागा शिल्लक नाही' असाच एरर मिळतो. मग डॉलर प्रश्नचिन्ह एको करून एक्झिट कोड बघा. शून्य! एक अक्षर कुठे उमटलं नाही आणि प्रोग्रॅम म्हणतोय सगळं छान झालं.

प्रत्येक प्रिंटएफ() तपासायची गरज नाही हे मान्य. शेवटी एकदा एफफ्लश() करून (साठलेलं बाहेर ढकलून) एफएरर() (मध्ये काही फसलं का) बघितलं की पुरतं. ग्नू कोअरयुटिल्सचे (लिनक्सवरच्या रोजच्या कमांड) प्रोग्रॅम असंच करतात, बाहेर पडताना एसटीडीआउट (आउटपुट जाते तो मार्ग) बंद करतात आणि ते बंद होणं तपासतात. म्हणून कॅट किंवा एलएस /डेव्ह/फुलवर लावलं तर तक्रार येते. ओळ एक, जागा एक. कोड कुठे दिसेनासा होतो?

मोडीवाचक

वयाने या धाग्यावर मीच मोठा असेन. आमची हयात कोबोलमध्ये गेली.

१९९८ साल, मुंबई, वायटूकेचं (२००० साल उजाडताना तारखा चुकू नयेत म्हणूनचं) काम जोरात. मेनफ्रेमवर कोबोलमध्ये प्रत्येक फाइलला 'फाइल स्टेटस' म्हणून दोन अक्षरांचा व्हेरिएबल जोडता येतो. ०० म्हणजे ठीक, १० म्हणजे फाइल संपली, ३५ म्हणजे फाइलच नाही. हा व्हेरिएबल जोडलाच नाही आणि फाइल उघडली नाही, तर सिस्टिम जॉब तिथेच पाडते. तो जोडला, की सिस्टिम समजते की हा माणूस स्वतः बघणार आहे, आणि कंट्रोल तुमच्या हातात देते.

आमच्या एका सहकाऱ्याने कोडिंग स्टँडर्डमध्ये लिहिलंय म्हणून फाइल स्टेटस जोडला आणि ओपन केल्यावर बघितला मात्र नाही. रीडचं लूप होतं '१० येईपर्यंत वाचत राहा'. त्या रात्री फाइलचं नाव जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला जॉब कसा चालवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट) चुकलेलं. ओपनने ३५ दिला, कोणी बघितला नाही. मग प्रत्येक रीड ४७ देत राहिला, म्हणजे न उघडलेल्या फाइलमधून वाचताय. १० काही येईना आणि लूप काही थांबेना. शेवटी वेळेची मर्यादा संपून एस३२२ अबेंड (जॉब मध्येच पाडल्याचा कोड) आला तेव्हा जॉब पडला. तोवर मागच्या रांगेतले जॉब खोळंबून बसलेले.

सांगायचं ते हे की नुसतं स्टेटस जोडून ठेवणं हे न जोडण्यापेक्षा वाईट ठरलं. न जोडता तो पहिल्या सेकंदाला पडला असता आणि ऑपरेटरने दहा मिनिटांत नाव दुरुस्त करून दिलं असतं. तिसरी_पाळी, तुमच्या टीममधल्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या सहकाऱ्याला कोणी विचारला असता तर ती रात्र टळली असती. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सातवी_ओळ

आई शाळेतून आलेला डबा रोज उघडून बघायची. खाल्ला की नाही, भाजी तशीच परत आली का. रिटर्न व्हॅल्यू तपासायचं शिक्षण आमच्या घरी पहिलीपासून. :)

नवखी_कोडकरी

सातवी_ओळ, आमच्याकडे डबा परत आला नाही तरी एरर यायचा, आणि तो सगळ्या वाड्याला ऐकू जायचा!

द्राक्षवेल

तुम्ही सगळे फाइलींबद्दल बोलताय, मी मशीनच्या बाजूचं सांगतो. नाशिक भागात द्राक्षांच्या शीतगृहांसाठी कंट्रोलर बसवायचं माझं छोटं काम आहे.

तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर वापरतो. स्वस्त, टिकाऊ, पाण्यात बुडाला तरी चालतो. आर्डुइनोची जी प्रचलित लायब्ररी आहे ती सेन्सरचा संपर्क तुटला की तापमान म्हणून -१२७ परत करते. एरर वेगळा नाही, तापमानाच्याच जागी. आणि सेन्सरला वीज नुकती मिळाली असेल, मोजणी अजून झालीच नसेल, तर तो ८५ सांगतो.

माझ्या पहिल्या कंट्रोलरमध्ये खोलीत तीन सेन्सर आणि त्यांची सरासरी. द्राक्षं शून्य ते एक अंशाच्या आसपास ठेवतात. एका रात्री ओलीने एका सेन्सरच्या जोडाला गंज चढला. दोन सेन्सर सांगतायत १, तिसरा सांगतोय -१२७. सरासरी जवळजवळ उणे बेचाळीस. कंट्रोलरने प्रामाणिकपणे ठरवलं की खोली फार थंड झाली, आणि कॉम्प्रेसर बंद केला. पहाटे वॉचमनने दार उघडलं तेव्हा आत नऊ अंश. एका शेतकऱ्याचा एक्स्पोर्टचा माल होता आत. नशिबाने चार-पाच तासच गेले होते, माल वाचला. तो मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता माझं वाचणारं फंक्शन तापमान परतच करत नाही. ते 'वाचलं' किंवा 'वाचलं नाही' एवढंच परत करतं, आणि तापमान पॉइंटरमधून वेगळं देतं. बिघडलेला सेन्सर सरासरीत धरायचा नाही. दोनपेक्षा कमी सेन्सर चांगले असतील तर कॉम्प्रेसर ठरलेल्या वेळापत्रकावर चालवायचा, भोंगा वाजवायचा आणि मालकाला मेसेज पाठवायचा. हे वेळापत्रक मला सुचलेलं नाही. शीतगृहाच्या जुन्या ऑपरेटरला 'मीटर बंद पडलं तर तुम्ही काय करता' विचारलं, त्यांनी सांगितलं.

पाटाचं_पाणी

द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एरर आणि डेटा एकाच खिशात ठेवण्याचा दोष आहे हा. अक्षरांचा आकडा करणाऱ्या एटूआय()चं तेच, '0' लिहिलेलं असलं तरी ० आणि 'केळी' लिहिलेलं असलं तरी ०.

कुलूपकिल्ली

एकाच खिशावरून सिक्युरिटीतली उदाहरणं सांगते, कारण आमच्या कामात याची किंमत फार मोठी असते.

ओपनएसएसएलमध्ये (सुरक्षित कनेक्शनसाठीची लायब्ररी) डिजिटल सही पडताळणारं एक फंक्शन आहे. सही बरोबर तर १, चूक तर ०, आणि पडताळतानाच काही बिघडलं तर -१. बोलावणाऱ्या कोडमध्ये कित्येक ठिकाणी लिहिलेलं होतं, 'शून्य आलं तर नाकारा'. -१ शून्य नाही, म्हणून बिघडलेली सही पास! जानेवारी २००९ मध्ये हे दुरुस्त झालं. मार्च २०१४ मध्ये ग्नूटीएलएस या तशाच दुसऱ्या लायब्ररीत त्याच जातीचं प्रकरण निघालं. सर्टिफिकेट तपासणारं फंक्शन खरं-खोटं सांगणार अशी अपेक्षा, पण आतल्या एररचा ऋण आकडा तसाच बाहेर यायचा आणि बोलावणारा त्याला 'खरं' समजायचा. दोन्हीकडे रिटर्न व्हॅल्यू तपासलेली होती बरं का. चुकीची तपासली होती.

आणि न तपासल्याचं उदाहरण हवं तर अँड्रॉइड, २०१०. फोनमधला एडीबीचा (कॉम्प्युटरवरून फोन हाताळायचं टूल) डेमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून सुरू व्हायचा आणि सेटयूआयडी() करून आपले अधिकार उतरवायचा. उतरले का हे बघायचा नाही. हल्ला करणाऱ्याने त्या साध्या युजरच्या नावावर इतक्या प्रोसेस उघडल्या की मर्यादा भरली, सेटयूआयडी() फेल झालं आणि डेमन रूटच राहिला. पुढे लिनक्स ३.१ मध्ये कर्नलनेच वागणूक बदलली. या मर्यादेमुळे आता सेटयूआयडी() फेल होत नाही, पुढचं एक्झेकव्हीई() (नवा प्रोग्रॅम सुरू करणारा कॉल) फेल होतं. इतक्या लोकांनी तपासलं नव्हतं की शेवटी कर्नलला सांभाळून घ्यावं लागलं.

खिडकीजवळ

कुलूपकिल्ली, +१. एरियन ५ रॉकेटचा अपघात पण याच खिशातला. ४ जून १९९६, मुख्य इंजिन पेटल्यापासून साधारण ३७ सेकंद. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या पुढचा भाग जास्त अंगावर येतो. दिशा सांगणारं यंत्र बंद पडलं आणि त्याने आपल्या बिघाडाची माहिती मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवली. मुख्य कॉम्प्युटरने ती उड्डाणाची माहिती समजून त्याप्रमाणे नोझल वळवले. द्राक्षवेलांचं -१२७ आणि हे, दोन्ही एकच.

मोडीवाचक

आणि तिथे सात आकड्यांना धोका आहे हे आधी माहीत होतं. चौघांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही, कारण प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा होता. म्हणजे विचार करून सोडले होते. फक्त तो विचार आधीच्या एरियन ४ रॉकेटच्या उड्डाणाला धरून झालेला.

रस्टी_खिळा

हे सगळं हाताने करायचं म्हणजे माणूस विसरणारच. भाषेने आठवण करून द्यायला हवी. रस्ट भाषेत फंक्शनने दिलेला रिझल्ट (व्हॅल्यू किंवा एरर) न बघता टाकला तर कंपायलर वॉर्निंग देतो, आणि २०१६ पासून प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर आहे, एका चिन्हात एरर वर पाठवता येतो. व्हॅल्यू आणि एरर वेगवेगळ्या खिशात, खिसा उघडल्याशिवाय व्हॅल्यू हातात येत नाही.

अर्धविराम

रस्ट मलाही आवडतं. पण या धाग्याचा विषय ज्या क्लोज()वर आहे, तिथे रस्टही हात टेकतं. तिथली फाइल स्कोपबाहेर गेली (तो व्हेरिएबल वापरायची हद्द संपली) की आपोआप बंद होते, आणि त्या बंद होण्यातला एरर गिळला जातो. तपासायचं तर सिंक_ऑल() (रस्टचं एफसिंक()) स्वतः बोलवावं लागतं. भाषा कुठलीही घ्या, हे एक कोपऱ्यात उरतंच.

पाटाचं_पाणी

आणि गो भाषा? सगळीकडे 'इफ ईआरआर नॉट इक्वल टू निल', म्हणजे 'एरर आला असेल तर'. माझी मूळ तक्रार तीच आहे, तिथे वरच्या फंक्शनकडे ढकलायचं, त्याने आणखी वर ढकलायचं. शेवटी ज्याच्याकडे पोचतो त्याला काय करायचं ते माहीत नसतं.

शुद्धलेखन_प्रेमी

विषयांतराबद्दल क्षमस्व. रिटर्न व्हॅल्यूला मराठीत काय म्हणावं? 'परतावा'?

खिडकीजवळ

परतावा म्हटलं की लोक म्युच्युअल फंडाच्या धाग्यावर जातील.

मोडीवाचक

'पोच' म्हणा. रजिस्टर्ड पत्राची पोच येते ना, तशी. राइट() म्हणजे पत्र पेटीत टाकलं. एफसिंक() म्हणजे पोचपावतीवर सही होऊन आली.

अर्धविराम

मोडीवाचक काका, 'पोच' फार चपखल आहे. त्यावरूनच पोस्टग्रेस या डेटाबेसची गोष्ट आठवली, कारण तिथे पोचच दगा देत होती.

२०१८ मध्ये उघडकीला आलं की लिनक्सवर एफसिंक() एकदा फेल झालं की कर्नल ती न लिहिलेली पानं 'स्वच्छ' म्हणून खूण करून टाकतो. मग पुन्हा एफसिंक() केलं तर ते यशस्वी होतं, कारण त्याच्या लेखी लिहिण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं हेच करत होतं: फेल झालं तर पुढच्या खेपेला पुन्हा प्रयत्न. दुसऱ्या खेपेला 'ठीक' आलं की निर्धास्त. डेटा डिस्कवर नाहीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आणि जुन्या शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या आल्या, त्यांत एफसिंक() फेल झालं की डेटाबेस मुद्दाम कोसळतो आणि उठल्यावर लॉगवरून सगळं पुन्हा लिहितो.

@पाटाचं_पाणी, तुमच्या 'शेवटी काय करायचं ते माहीत नसतं' याला हे एक उत्तर आहे. तिथल्या लोकांनी ठरवलं की या एररनंतर पुढे जाणं धोक्याचं, मागच्या खात्रीच्या जागेवर परत जायचं. त्यांच्याकडे तो लॉग होता म्हणून ते कोसळू शकले.

पाटाचं_पाणी

हे पटलं. मी माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. सगळीकडे तपासा या सरसकट नियमाला माझा विरोध कायम आहे. कमांड लाइनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणाऱ्या मॅलॉक()चं एक्समॅलॉक() करायचं, म्हणजे नल आला की निरोप छापून बाहेर, विषय संपला. तिथे मेमरी न मिळाल्यावर सावरायचा कोड लिहिणं व्यर्थ आहे. पण ज्या कॉलनंतर आपण काहीतरी परत न फिरवता येणारं करतो, जुनी फाइल घालवतो, अधिकार वापरतो, कॉम्प्रेसर बंद करतो, त्याच्या आधीची प्रत्येक पोच बघायची. हे मी आमच्या टीमच्या पानावर लिहून ठेवणार आहे.

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय केलं ते सांगतो. एफसिंक() घातलं, क्लोज()ही तपासतो, दोन्हींपैकी काही फेल गेलं तर रीनेम() नाही, तात्पुरती फाइल काढून टाकायची, एक्झिट कोड २. वरची शेल स्क्रिप्ट एक्झिट कोड बघतच नव्हती हे तेव्हाच सापडलं. प्रोग्रॅम एका पाइपमधून लॉगिंगकडे जायचा, त्यामुळे स्क्रिप्टला मिळणारा कोड लॉगिंगवाल्याचा होता. पाइपफेल (पाइपमधला कुठलाही प्रोग्रॅम फसला तर तसं कळवणारी शेलची सोय) लावलं. मोडीवाचक काकांचा प्रतिसाद त्या मुलीला दाखवला. तिने कालच कोटा भरलेल्या फोल्डरवर चालणारी टेस्ट लिहिली, रोजच्या बिल्डमध्ये ती चालते. काल रात्री कोटा भरलेला असताना मुद्दाम जॉब चालवला. कालची फाइल जागेवर, आणि मेल १:३४ ला आला.

अर्धविराम

छान! एक विचारतो. रीनेम()नंतर त्या फोल्डरचं एफसिंक() केलंत का? हाच प्रोग्रॅम उद्या लोकल डिस्कवर हलवलात आणि रीनेम() झाल्या झाल्या वीज गेली, तर नवं नाव डिस्कवर पोचलेलं नसू शकतं.

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

नाही केलं. आमच्या डीआर साइटवर (मुख्य जागा बंद पडली तर वापरायची पर्यायी जागा) हाच प्रोग्रॅम लोकल डिस्कवर चालतो. आता लॉगिन करतो.